मिटल्या तोंडाचं गाणं

क्लबाच्या स्वयंपाकघराला हॉलच्या बाजूनं काचेचं दार होतं, आणि त्या काचेतून आल्देआ पेल्तिएनं आपल्या दिराच्या ओठांवरून तिच्यासाठी नसलेलं एक वाक्य उचललं. हातात घेवड्याचं मडकं होतं, काकवी आणि डुकराच्या चरबीत रात्रभर भट्टीत मुरलेलं, चांगलंच जड. हॉलच्या पार पलीकडच्या टोकाला, खुंट्यांच्या भिंतीखाली, रोझेर उभा होता आणि गेदेऑनशी बोलत होता. गेदेऑन म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, ज्याच्या कानांचं सगळ्या वस्तीला मोठं कौतुक. रोझेर म्हणत होता, "आल्देआचं मनावर घेऊ नकोस. ती सांगेल तेव्हा आपण टाळ्या वाजवू, गेल्या वर्षीसारख्या. खरं काय ते तू ऐक आणि मला हळूच सांग." गेदेऑननं काहीतरी विचारलं, पण त्याची पाठ होती, ते तिला दिसलं नाही. रोझेर हसला, वाईट नाही, मायेनंच हसला, आणि म्हणाला, "अरे, गेल्या वर्षी तिनं सांगितलं तेव्हा खड्ड्यावर बर्फ होता. मी स्वतः त्यावर उभा राहून आलो ना! छोट्या आल्या त्या ईस्टर उलटून गेल्यावर." अशा वेळी हातातलं मडकं पडायची रीत आहे. आल्देआचं पडलं नाही. तिनं ते टेबलावर ठेवलं, झाकण काढलं, घेवडा वाढला, रोझेरच्या ताटात तर जरा जास्तच वाढला, आणि तो "बास, बास" म्हणाला ते तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. खरं तर ऐकलं नव्हतंच. पाहिलं होतं.

हे पाहणं तिला गिरणीनं शिकवलं होतं. साचेखात्यात शेकडो माग एकदम चालायचे तेव्हा कानाशी कुणी बोंब मारली तरी कळायचं नाही. म्हणून बायका आवाज न काढता, तोंड मोठं करून बोलायच्या, या ओळीतून त्या ओळीत, मागांवरून, धोट्यांवरून. कुणाला दिवस गेले, कुणाचा नवरा शनिवारी पिऊन आला, मुकादम आज कुणाच्या मागे मागे फिरतोय, सगळं ओठांवर. सोळाव्या वर्षी ती कॅनडातून मावशीबरोबर अमेरिकेत, लुइस्टनला आली आणि इंग्रजी शिकायच्या आधी हे शिकली. तेव्हापासून ती लोकांच्या डोळ्यांत बघत नसे, तोंडाकडे बघे, आणि तरुणपणी यामुळे एकदोघांचे गैरसमजही झाले होते. ओव्हिलाचा झालेला गैरसमज तिनं दूर केला नाही, त्याच्याशी लग्न केलं. पुढे केव्हा तरी कान गेले. केव्हा ते तिला सांगता आलं नसतं, कारण जाताना त्यांनी सांगितलं नाही. समोर माणूस असला की तिला शब्द कळत, आणि कळले की ते ऐकूच आले असं वाटे. घड्याळाची टिकटिक गेली, उकळत्या किटलीची शिटी गेली, चर्चमधल्या पोरांची गाणी पोकळ झाली; तिला वाटलं, घड्याळ जुनं झालं, किटली जुनी झाली, पोरांना आता कुणी नीट शिकवत नाही.

आणि छोट्या तर तिला ऐकू येतच होत्या. अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा बेडूक, पाठीवर गडद रेघांचा क्रूस, आणि आवाज असा की दोन शेतांपलीकडून यावा. वस्तीत त्याला कुणी बेडूक म्हणत नसे, ‘छोट्या’ म्हणत. बर्फ वितळून खड्ड्यांत पाणी झालं की पहिल्या उबदार संध्याकाळी त्या बोलायला लागत. एक बोलली की दुसरी, मग हजार, घुंगरं बांधलेल्या घोड्यांची रांग कुठूनतरी येतच राहावी पण पोचू नये, तसं. छोट्या बोलल्या म्हणजे हिवाळा संपला. क्लब होता बर्फावर जाळीचे जोडे घालून चालणाऱ्यांचा, लोकरीचे लांब कोट, कमरेला पट्टा, डोक्यावर गोंड्याची टोपी. त्यांचा हिवाळा कॅलेंडरवर संपत नसे. क्लबातला एक माणूस जाऊन ऐकून येई, काही न बोलता हॉलमध्ये शिरे, आणि आपले जोडे भिंतीवरच्या पहिल्या खुंटीला टांगे. मग टाळ्या, मग सगळ्यांचे जोडे खुंट्यांवर, मग साखरेच्या सारणाचे टार्ट आणि नाच. वीसेक वर्षं तो माणूस ओव्हिला होता. तो तिला बरोबर न्यायचा. जुन्या वीटभट्टीमागे, जिथली माती खणून गिरणीच्या विटा पाडल्या आणि मग नुसते खड्डे उरले, तिथं दोघं उभी राहायची. तो तिचा हात हातात धरून कोटाच्या खिशात घालायचा आणि म्हणायचा, "आता श्वास घेऊ नकोस." ती घ्यायची नाही. तो गेला तेव्हा रोझेरनं सगळ्यांदेखत खुंटी तिला दिली. "भावाचे कान वहिनीकडे," असं म्हणाला होता. ते तिनं त्याच्या ओठांवर वाचलं, आणि त्या दिवशी तिला रोझेर फार आवडला होता.

घरी जाताना नदीवरच्या पुलावर ती थांबली. खाली पाणी धबधब्यावरून कोसळत होतं. ते तिला पायांतून कळत होतं, कठड्याला धरलेल्या हातातून कळत होतं. आणि त्याच्या वर, कपाळाच्या आत, बारीक, सतत, छोट्या. आत्ता, मार्चच्या मध्यात, सगळीकडे बर्फाचे ढीग काळे पडत असताना. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ओव्हिला गेला त्या हिवाळ्यात ती उशीवर डोकं टेकायची आणि लांबून किणकिण यायची, आणि बाहेर कमरेएवढा बर्फ असायचा. जानेवारीत छोट्या नसतात हे तिला कळत होतं. ते कळणं तिनं बाजूला ठेवलं होतं, लग्नातला चिनी मातीचा सेट ठेवतात तसं, वापरायचं नाही पण टाकायचंही नाही. ओव्हिलानं आपल्या कानातला तो आवाज जाताना तिच्या कानात ठेवून दिला, असं तिनं स्वतःशी ठरवलं होतं. कन्फेशनमध्येही सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं ती या आवाजाला कूस बदलून जागा करून देत होती, कधीकधी त्याच्याशी बोलतही होती, आणि आज काचेच्या दाराआडून कळलं की ते ओव्हिलाचं नव्हतंच. ते गिरणीचं होतं. माग बंद पडून भंगारात गेले, पण एक तिच्या डोक्यात चालूच राहिला होता. गिरणीनं कान नेले याचा तिला फारसा राग नव्हता. तिथं सगळ्यांचंच काही ना काही गेलं, कुणाचं बोट, कुणाचं फुप्फुस. पण नवऱ्याचं म्हणून जे उराशी धरलं ते गिरणीनं भरून दिलेलं निघावं, याचा तिला असा संताप आला की ती पुलावर उभी राहून मोठ्यानं शिवी देऊन बसली. किती मोठ्यानं ते तिला कळलं नाही. समोरून येणारी दोन पोरं दचकली यावरून बरीच मोठ्यानं असावी.

रविवारी मुलगी आली. कोलेट टेलिफोन कंपनीत ऑपरेटर, दिवसभर कानाला यंत्र लावून परक्यांचे आवाज जोडणारी. तिच्यापाशी लपवाछपवी चालायची नाही. आल्देआनं तरी सरळ विचारलं नाही. बटाटे सोलता सोलता म्हणाली, "गेल्या वर्षी जोडे टांगले तेव्हा खड्ड्यावर बर्फ होता म्हणे."

कोलेटचा चेहरा पडला. "कुणी सांगितलं तुला?"

"म्हणजे होता."

"मम्मा, जाऊ दे ना. सगळ्यांना कळलं होतं, पण कुणी तोंडातून ब्र काढला नाही. तुझ्यावर माया आहे लोकांची."

"माया आहे तर बर्फ आहे म्हणून सांगायचं. टाळ्या कसल्या वाजवायच्या?"

कोलेटनं भांडी पुसायचं फडकं उचललं, तोंडासमोर धरलं, आणि फडक्याच्या वर फक्त तिचे डोळे राहिले. आल्देआ थांबली. फडकं जरा हललं. मग कोलेटनं ते खाली घेतलं. "आत्ता मी काय बोलले?"

"तू म्हणालीस की आईला काही कळत नाही."

"मी म्हणाले, बटाटे करपतायत."

खरंच करपत होते; मागच्या चुलीवरचे, आधी टाकलेले. वास आला तेव्हा दोघी एकदम उठल्या आणि मग, काय करणार, हसल्या. हसणं संपल्यावर कोलेटनं आईचा ओला हात धरला आणि तोंड तिच्याकडे करून, हळूहळू, एखाद्या परक्या बाईशी बोलावं तसं सांगितलं, "तू आपण होऊन रोझेरकाकांना सांग. म्हण, दमायला होतं, चिखलात जाववत नाही, या वर्षीपासून गेदेऑनना द्या. तुझाही मान राहील, त्यांचाही." ते हळूहळू बोलणंच आल्देआला झोंबलं. "दमायला होतं? चार मजले चढून येते मी रोज. तू धापा टाकत येतेस." कोलेट म्हणाली, "मग काय करणार आहेस? ऐकू येत नाही तर ऐकणार कशी?" आल्देआनं करपलेले बटाटे खरवडले आणि सगळ्यात करपलेले स्वतःच्या ताटात घेतले. तिला टाळ्या नको होत्या. तिला ती पहिली खुंटी हवी होती, तीही खरी. कारण खुंटी गेली की ओव्हिलाचं तिच्यापाशी काहीच राहत नव्हतं, डोक्यातली किणकिण तर कालच गेली होती, म्हणजे वाजत होती पण गेली होती.

कॅमेरा कोलेटनंच नाताळला दिला होता, नातवंडांचे फोटो काढ म्हणून: घडीचा, चामड्याचा, दाबलं की पुढून चौकोनी कागद बाहेर ढकलणारा, आणि कागदावर हळूहळू चित्र उगवणारा. नातवंडं एका जागी बसत नसल्यामुळे तो कपाटात होता. आल्देआनं तो काढला, छोट्या बुजू नयेत म्हणून टॉर्चच्या काचेला चॉकलेटचा लाल पारदर्शक कागद रबरानं बांधला, ओव्हिलाचे रबरी बूट दोन जोड मोजे घालून चढवले, आणि दिवस मावळल्यावर वीटभट्टीच्या वाटेला लागली. पहिल्या संध्याकाळी खड्ड्यांवर बर्फाचा पापुद्रा होता आणि डोक्यात छोट्यांचा नुसता गलका. ती काठावर उभी राहून म्हणाली, "खोटारड्या." दुसऱ्या आठवड्यात कडेचं पाणी मोकळं झालं होतं, पण पाण्यावर काही हलत नव्हतं. तिनं सुकलेल्या गवताचा एक फोटो काढला, नुसता हात बसावा म्हणून. वरच्या पट्टीतल्या बारीक बल्बपैकी एक भपकन जळून गेला, यंत्र तळहातात थरथरलं आणि कागद बाहेर आला. थंडीत चित्र नीट उगवत नाही, निळंकाळं पडतं, हे तिला पहिल्याच कागदानं शिकवलं. पुढचा तिनं कोटाच्या, स्वेटरच्या, झग्याच्या आत, छातीशी ठेवला. गवत व्यवस्थित उगवलं.

मग पाऊस पडला, बारीक, कोमट, दिवसभर, आणि गुरुवारी संध्याकाळी थांबला. हवेला चिखलाचा वास होता. तिला वासावरूनच वाटलं, आज. पण वाटण्यावर तिचा आता भरवसा नव्हता. ती वाकलेल्या विलोच्या बुंध्याशी उकिडवी बसली आणि टॉर्च काखेत दाबून लाल उजेड पाण्याकडे सोडला. दुसऱ्या कुणालाही इथं एक गोष्ट फुकट मिळते: पाऊल वाजलं की छोट्या गप्प होतात, आणि त्या गप्प झाल्या यावरून कळतं की आपण चुकलो, आता थांबायचं. तिला ते कळत नव्हतं. तिच्यासाठी सगळंच गप्प होतं, किंवा सगळंच किणकिणत होतं. मग तिनं ठरवलं की आपण चुकलोच आहोत असं धरून चालायचं. हलायचं नाही. आता श्वास घेऊ नकोस. घोट्यातून थंडी वर चढत गेली, गुडघ्यापाशी थांबली, मग मांडीत शिरली. तिला गिरणीतली पहिली वर्षं आठवली, ताण्याच्या हजार उभ्या धाग्यांतला एक तुटला की तो शोधायचा कसा ते मावशीनं सांगितलं होतं: धाग्यांकडे बघू नकोस, नुसती नजर ठेव, जे इतरांसारखं हलत नाही ते आपोआप दिसेल. ओल्या गवताच्या काड्या उभ्याआडव्या, लाल उजेडात सगळ्या सारख्या. तिनं नजर ठेवली. कशावरच नाही, नुसती ठेवली. ओव्हिला या वेळी खिशात तिची बोटं दाबायचा, एकदा, म्हणजे आली. ती दाबायची परत, म्हणजे हो, ऐकली. आणि आता बसल्या बसल्या तिच्या मनात आलं की शेवटच्या काही वर्षांत ती नेहमी त्याच्या नंतरच दाबत होती. आधी कधीच नाही. म्हणजे तेव्हाच गेले होते कान. आणि त्याला कळलं असणार. तो माणूस मुका नव्हता, मूर्ख नव्हता, हाताला हात लावून उभा होता. त्यानं काही न बोलता दरवर्षी तिला बोटांनी सांगितलं होतं. यावर रडू यायला हवं होतं, पण रडलं तर हललं असतं, म्हणून तिनं ते नंतरसाठी ठेवलं.

तेवढ्यात एका काडीवर काहीतरी चमकलं आणि विझलं. पुन्हा चमकलं, विझलं. पाण्याचा थेंब असा श्वास घेत नाही. तिनं पुढं झुकायला किती वेळ घेतला हे देवाला ठाऊक. गुडघे चिखलात गेले, कोट पाण्यात भिजला, आणि शेवटी हातभर अंतरावर ती होती. खरं तर तो. ओरडतात ते नर, हे ओव्हिलानं सांगितलं होतं. मातकट, नखाएवढा, पुढचे पाय काडीला धरून उभा, आणि गळ्याखाली फुगा, जवळजवळ त्याच्याएवढाच, पातळ, आतून उजळल्यासारखा. फुगे, बसे. फुगे, बसे. आणि तोंड गच्च मिटलेलं. आल्देआ बघत राहिली. सगळं आयुष्य तिनं उघड्या तोंडांवर काढलं होतं. ज्याचे ओठ हलले ते तिचं, ज्याची पाठ ते गेलं. आणि हा एवढासा, मिटल्या तोंडानं, सगळ्या खड्ड्याला हलवत होता. ओठांवर वाचण्यासारखं त्यानं काहीच ठेवलं नव्हतं, फक्त गळा ठेवला होता. आणि मग तिला दुसरं दिसलं, की फुगा एका चालीनं फुगतोय आणि डोक्यातली किणकिण त्या चालीवर नाही. किणकिण सरळ चालली होती, थांबा नाही, श्वास नाही, यंत्रासारखी. फुगा थांबत होता, दम घेत होता, पुन्हा भरत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला दोन्ही वेगळी दिसली. ही गिरणी. ही छोटी. तिला मोकळं वाटलं, आणि त्या मोकळेपणात एवढा हट्ट होता की तिनं दात आवळले आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

पहिल्या फोटोत नुसती काडी आली. दुसऱ्यात बेडूक होता, गळा सपाट. असा बेडूक कुठल्याही गप्प रात्रीचा असतो, त्यानं काहीच सिद्ध होत नाही. तिसरा तिनं बोटानं नाही, श्वासानं काढला. तो भरतो तेव्हा आपण सोडायचा, तो सोडतो तेव्हा भरायचा, असं करत करत ती त्याच्या चालीत शिरली आणि फुगा भरायच्या जरासं आधी दाबलं. कागद छातीशी घातला. गार चौकोन कातडीला लागला, आणि तिनं कोटावरून त्यावर हात दाबून धरला, आईनं तान्ह्याला धरावं तसं, आणि चिखलातून परत निघाली. रस्त्यावरच्या दिव्याखाली काढून पाहिला. क्रूस स्पष्ट नव्हता. गळा होता. गोल, चकचकीत, भरलेला, आणि त्यावर बल्बचा एक पांढरा ठिपका.

क्लबात गुरुवारी पत्ते असत. ती तशीच शिरली, गुडघ्यांपर्यंत चिखल, ओव्हिलाचे बूट पचपच करत, निदान करत असावेत, कारण सगळ्यांनी माना वर केल्या. तिच्या खांद्यावर ओव्हिलाचे जाळीचे जोडे नव्हते, ते तिला आत्ता आठवलं. ती रोझेरच्या टेबलापाशी गेली आणि फोटो त्याच्या पत्त्यांवर ठेवला. रोझेरनं तिच्याकडे पाहिलं, तिच्या चिखलाकडे पाहिलं, गेदेऑनकडे पाहिलं; गेदेऑननं मान किंचित हलवली, नाही म्हणून. आणि रोझेर, तो भला माणूस, फोटोकडे न बघताच उठला, "शाबास, आल्देआ!" म्हणाला आणि टाळ्या वाजवायला लागला. मागचे लोकही लागले. तिला आवाज येत नव्हता. नुसते तळहात मिटताना उघडताना दिसत होते, सगळ्या हॉलभर.

"थांबव," ती म्हणाली. "आधी बघ."

"बघतो ना, बस तरी. किती भिजलीस! अरे, कुणीतरी कॉफी..."

"‘आल्देआचं मनावर घेऊ नकोस. ती सांगेल तेव्हा आपण टाळ्या वाजवू. खरं काय ते तू ऐक आणि मला हळूच सांग.’" तिनं शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. "काच होती, रोझेर. भिंत नव्हती."

टाळ्या थांबल्या. रोझेरचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. तो टेबलाकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"वर बघून बोल. मला ऐकू येत नाही."

हे ती आजवर कुणाहीपुढे म्हणाली नव्हती. म्हटल्यावर काही झालं नाही. छत पडलं नाही, कुणी तिला बाहेर काढलं नाही. कोपऱ्यातल्या दोन जुन्या साचेवाल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि त्यातल्या एकीनं हळूच केसांआड लपवलेलं ऐकायचं यंत्र चाचपलं.

रोझेरनं मान वर केली. "मी म्हटलं, तुझं मन राखायला केलं. आणि नियम ऐकण्याचा आहे, वहिनी. ऐकू येत नाही तर..."

"नियम छोट्या बोलल्या का हा आहे. कानानं का डोळ्यानं, ते नियमात कुठं आहे?" तिनं फोटोवर बोट ठेवलं. "ही बोलतेय. बोलत नाही तेव्हा गळा असा नसतो. चला. गाड्या काढा."

"आत्ता?"

"नाही, ईस्टरनंतर!"

गेदेऑनच आधी उठला. फोटो उचलून त्यानं दिव्याशी धरला आणि बराच वेळ पाहिला. "काल मी गेलो होतो तेव्हा काहीच नव्हतं," तो तिच्याकडे तोंड करून, नीट म्हणाला, "पण आज मी गेलो नाही." त्यानं टोपी घातली.

वीटभट्टीमागे सहासातजण उतरले. दारं आपटली असणार, बूट वाजले असणार, कुणीतरी घसरून हसलं, ते तर तिला दिसलंच. काठाशी येऊन सगळे उभे राहिले, कान देऊन. तिनं लाल उजेड त्यांच्या तोंडांवरून फिरवला. गेदेऑननं डोळे मिटले होते. उघडले, आणि त्यात काही नव्हतं. रोझेर तिच्याकडे वळला. तीच माया पुन्हा चेहऱ्यावर आली होती, आता जरा थकलेली. "आल्देआ," तो म्हणाला, "काही नाही गं. एकही नाही. चल, थंडी बाधेल तुला."

तिनं उजेड खाली, त्यांच्या बुटांवर आणला. मग तिला समजलं, आणि समजल्यावर हसूच आलं. "तुम्ही नाचत आलात, म्हणून गप्प झाल्यात. हलू नका."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत. श्वासही घेऊ नका."

रोझेरनं खांदे उडवले, एकानं बूट आपटला, आणि तिनं त्याच्या तोंडावर असा उजेड मारला की तो पुतळ्यासारखा झाला. मग तिनं टॉर्च पाण्याकडे वळवला. मघाचीच काडी. मघाचाच तो, गळा सपाट, डोळे उघडे, जगात आपण एकटेच आहोत की नाही याचा अंदाज घेत. लोक अवघडले असतील, चुळबुळत असतील, एकमेकांना खुणा करत असतील. तिनं मागे पाहिलं नाही. पाठ करून उभं राहायची पाळी आज तिची होती. डोक्यातला माग चालला होता, चालू दे. तिनं नजर ठेवली. बराच वेळ काडी नुसती काडी होती. मग गळ्याखाली कातडी किंचित सुटली, थरथरली, भरली, आणि आल्देआनं हात वर केला, त्याच क्षणी, साचेखात्यात माग सुरू झाला की बायका करायच्या तसा.

मग तिनं वळून त्यांच्यावर उजेड धरला. गेदेऑनचं तोंड उघडं पडलं होतं. पलीकडच्या काठाकडे त्यानं मान फिरवली, मग डावीकडे, मग पुन्हा. दुसरी, तिसरी, ती त्याच्या मानेवर मोजू शकत होती. रोझेर रडत होता, मोठ्या माणसासारखा, चेहरा न हलवता. तिला त्याच्या ओठांवर काही वाचावं लागलं नाही. मागे कुणीतरी हातमोजे काढले. रोझेरनंही काढले, दोन्ही हात वर घेतले, या वेळी अगदी मनापासून, आणि तळहात एकमेकांना लागायच्या आत आल्देआनं त्याचं मनगट पकडलं.

"टाळ्या नको," ती म्हणाली. "गप्प होतील."

मनगट सोडून तिनं त्याचा हात हातात घेतला, आपल्या कोटाच्या खिशात घातला, आणि फुगा पुन्हा भरला तेव्हा त्याची बोटं एकदा दाबली.